जुलाबाची गोळी घेण्याआधी घड्याळ बघा

लालबागला आमचं औषधांचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलं. मी डी.फार्म. करून १९९३ साली काउंटरमागे उभी राहिले, ती अजून उभीच आहे. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली: निरोध आणि पोट साफ व्हायची गोळी माणसं एकाच आवाजात मागतात. आधी आजूबाजूला बघतात, मग काउंटरवर वाकतात आणि म्हणतात, "वहिनी, ते... पोटासाठी काहीतरी द्या ना." यावर माझा पहिला प्रश्न असतो, "उद्या सकाळी कुठे असणार तुम्ही?"

ही चांभारचौकशी नव्हे. समोरच्या चाळीतल्या एका काकांमुळे मला ही सवय लागली. त्यांनी सकाळी सातला दुधाच्या चहाबरोबर एक पिवळी गोळी घेतली. दुपारपर्यंत पोटात नुसती जळजळ, बाकी काही नाही. म्हणून दोन वाजता आणखी दोन घेतल्या. संध्याकाळी करी रोडहून अंबरनाथची गाडी पकडली, भाचीचा साखरपुडा होता. लोकलमध्ये संडास नसतो हे मुंबईकराला सांगायला नको. काकांना घाटकोपरला उतरावं लागलं. पुढचं त्यांनी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण आठ दिवसांनी दुकानात येऊन "तुझी गोळी बेकार आहे" असं ऐकवून गेले. गोळीत काही बिघाड नव्हता. दूध, वेळ आणि आकडा, तिन्ही चुकले होते.

म्हणून हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, औषधवाली आहे, तेव्हा वाचताना ते लक्षात असू द्या.

पोट साफ व्हायची औषधं सगळी एकाच माळेचे मणी नाहीत. मी गिऱ्हाइकांना तीन जातींत वाटून सांगते. इसबगोल फुगवतो: पाणी धरून ठेवतो, मळाचा आकार वाढवतो, पण त्याला दोन-तीन दिवस द्यावे लागतात आणि वर भरपूर पाणी प्यावं लागतं. लॅक्ट्युलोजचं गोड सिरप किंवा पॉलिएथिलिन ग्लायकॉलची पावडर भिजवते, म्हणजे पाणी आतड्यातच अडवून मळ मऊ ठेवते. तिसरी जात ढकलणाऱ्यांची. डॉक्टर त्यांना उत्तेजक रेचक म्हणतात. काकांची गोळी, म्हणजे बिसाकोडिल, याच जातीची होती. सोडियम पिकोसल्फेट, सोनामुखी आणि आजीचं एरंडेल हेही यातलेच.

आता ढकलतात म्हणजे नेमकं काय करतात?

लहान आतड्यातून मोठ्या आतड्यात रोज दीडेक लिटर पातळ ऐवज येतो. मोठं आतडं त्यातलं पाणी परत शोषून घेतं आणि शेवटी शंभर-दोनशे ग्रॅम बाहेर टाकायला उरतं. हे काम चालू असताना आतडं दिवसभर पुढे ढकलत नसतं. बहुतेक वेळ ते आतला ऐवज जागच्या जागी घुसळत बसतं. दिवसातून मोजक्या वेळा मात्र एक मोठी लाट उठते आणि आतड्यातला बराचसा ऐवज एकदम पुढे रेटते. ही लाट विशेषतः सकाळी उठल्यावर आणि काही खाल्ल्यावर येते. सकाळच्या चहानंतर कळ लागते त्याचं श्रेय आपण चहाला देतो, पण निम्मं काम उठून बसल्यामुळे आणि पोटात काहीतरी गेल्यामुळे झालेलं असतं.

उत्तेजक रेचक ही लाट मुद्दाम उठवतात. आतड्याच्या भिंतीत नसांचं स्वतःचं जाळं असतं. औषध त्या जाळ्याला चाळवतं, स्नायू आवळतात आणि लाट निघते. शिवाय आतड्याचं पाणी शोषणं मंदावतं आणि आतल्या बाजूला पाणी व क्षार सुटतात, त्यामुळे जो ऐवज पुढे जातो तो ओला असतो. मुरडा येतो तो या आवळण्यामुळेच. थोडी कळ आली तर घाबरायचं नाही. घाम फुटण्याइतकी आली तर मात्रा तुम्हाला जास्त झाली.

गंमत अशी की यातली बहुतेक औषधं तोंडातून आत जाताना निष्क्रिय असतात. सोनामुखीच्या पानातल्या सेनोसाइडला साखरेचे कण चिकटलेले असतात. आपल्याला ते पचत नाही, म्हणून ते तसंच मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतं. तिथले जिवाणू साखर तोडतात आणि मग खरं औषध मोकळं होतं. सोडियम पिकोसल्फेटचंही तसंच, तेही जिवाणूंच्याच भरवशावर. म्हणून अँटिबायोटिकचा जोरदार कोर्स चालू असताना "वहिनी, या वेळी गोळी चाललीच नाही" अशी तक्रार आली तर मला नवल वाटत नाही. आतले कामगारच रजेवर गेलेले असतात. बिसाकोडिलला जिवाणू लागत नाहीत, त्याला आतड्यातली पाचकद्रव्यं मोकळं करतात. शेवटी बिसाकोडिल आणि पिकोसल्फेट दोन्हींपासून आत एकच द्रव्य तयार होतं, म्हणून दोन्ही एकाच रात्री घेणं म्हणजे तेच औषध दुप्पट घेणं. एका कंपनीची गोळी आणि दुसऱ्या कंपनीचं सिरप असं घेऊन बसलेली माणसं मी पाहिली आहेत. बाटलीवरचं मोठ्या अक्षरातलं नाव वाचतात, बारीक अक्षरं कोण वाचतो!

बारीक अक्षरांवरून आठवलं. "मी गोळ्या घेत नाही, आयुर्वेदिक चूर्ण घेतो" असं अभिमानाने सांगणाऱ्यांनी चूर्णाच्या डबीची मागची बाजू एकदा वाचावी. सोनामुखी, सनाय, स्वर्णपत्री, मार्कंडी ही सगळी नावं एकाच पानाची. ते झुडूप तमिळनाडूत तिरुनेलवेलीकडे पिकतं आणि तिथल्या नावाने जगभर विकलं जातं. पान चांगलं आहे, मीही देते. पण ते उत्तेजक रेचकच आहे. चूर्णाला चमच्याचं माप असतं आणि घरोघरी चमचा वेगळा, त्यामुळे रोज रात्री 'थोडंसं' घेणारा नेमकं किती घेतो हे त्यालाही ठाऊक नसतं. सोनामुखी घेतल्यावर लघवी पिवळट-तपकिरी किंवा लालसर दिसू शकते. ते रक्त नव्हे, त्या पानाचा रंग असतो. एक बाई त्यापायी रात्री बाराला शटर वाजवून गेली होती.

बिसाकोडिलचा जन्मही ऐकण्यासारखा आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत आम्ल-अल्क तपासताना गुलाबी होणारं फिनॉल्फथॅलीन आठवतं? ते अनेक वर्षं जुलाबाचं औषध म्हणून विकलं जात होतं, चॉकलेटमध्ये घालूनसुद्धा. पुढे प्राण्यांवरच्या प्रयोगांत कर्करोगाची शंका आली आणि १९९९ साली अमेरिकेने ते दुकानांतून हटवलं. बिसाकोडिल त्याच्याशी मिळत्याजुळत्या रचनेचं. १९५३ पासून ते रेचक म्हणून वापरात आहे आणि अजून टिकून आहे.

आता मूळ मुद्दा, घड्याळ.

बिसाकोडिलच्या गोळीला काम करायला सहा ते बारा तास लागतात. सेनोसाइड आणि पिकोसल्फेटचंही साधारण तेवढंच. म्हणून रात्री घ्यायची. पण 'रात्री' म्हणजे किती वाजता, हे तुमच्या संडासावरून ठरवायचं. उलटं मोजा. आमच्या चाळीत मजल्याला चार संडास आहेत. सकाळी सहा ते आठ रांग असते, बादली घेऊन उभं राहायचं आणि पुढच्याला "झालं का हो?" विचारायचं. लाट काही रांगेसाठी थांबत नाही. चाळीतल्या माणसाने पाच-साडेपाचचा मुहूर्त धरावा, म्हणजे गोळी आठ-साडेआठला, जेवणाच्या आगेमागे. ज्यांच्या घरात स्वतःचा संडास आहे त्यांनी दहाला झोपताना घेतली तरी चालेल. सहाची गाडी पकडणाऱ्याने रात्री अकराला गोळी घेणं म्हणजे विक्रोळी ते दादरच्या मध्ये कुठेतरी परीक्षा देणं.

आणि पहिल्यांदाच घेत असाल तर शनिवारी रात्री घ्या. सहा ते बारा हा झाला छापील आकडा. तुमचा कोठा सहाचा की अकराचा, हे एकदा घेतल्याशिवाय कळत नाही. रविवारी घरी असता, मेगाब्लॉकमुळे कुठे जायचंही नसतं. तो आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा, पुढच्या वेळी कामाला येतो.

दुधाचं काय? बिसाकोडिलच्या गोळीवर एक कवच असतं. जठरातल्या आम्लात ते टिकतं आणि पुढे आतड्यात विरघळतं. दूध किंवा अँटासिड घेतलं की जठरातलं आम्ल मारलं जातं, कवच तिथेच फुटतं आणि औषध नको त्या जागी मोकळं होतं. मग मळमळ, जळजळ, पोटात पिळवटणं. काकांना दुपारपर्यंत झालं ते हेच. आपल्याकडे पित्तावर उतारा म्हणून झोपताना थंड दूध घ्यायची पद्धत आहे. ते आणि ही गोळी यांत किमान एक तास जाऊ द्या. रोज पित्ताची गोळी घेणाऱ्यांनी तसं औषधवाल्याला आधी सांगावं, त्यांना सेनोसाइड किंवा पिकोसल्फेट सोयीचं पडू शकतं. गोळी साध्या पाण्याबरोबर, अख्खी गिळायची. अर्धी करायची नाही, चावायची नाही, कुटायची तर मुळीच नाही. आजी-आजोबांना गोळी गिळवत नाही म्हणून मधात कुटून देणारी प्रेमळ सून मला महिन्यातून एकदा तरी भेटते.

बिसाकोडिलची मात्रा पाच मिलिग्रॅमपासून. एकच गोळी. नाही झालं तर दुसऱ्या रात्री दहा. 'झालं नाही' म्हणून त्याच दिवशी पुन्हा घ्यायची नाही. सेनोसाइड साधारण पंधरा मिलिग्रॅमपर्यंत पुरतं. पिकोसल्फेट पाच ते दहा, त्याचे थेंब किंवा सिरप असतं म्हणून मात्रा कमी-जास्त करणं सोपं. मुलांना यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. बिसाकोडिलची गोळी पिवळी-नारिंगी, गोडसर चकाकणारी असते, लहान मुलाला जेम्सची गोळी वाटते. वरच्या फळीवर ठेवा.

एरंडेलाचा हिशेब मात्र निराळा. माझी आजी शाळेच्या सुट्टीत सगळ्या नातवंडांना रांगेत बसवून सुंठीच्या काढ्यातून एरंडेल पाजायची, नाक दाबून. ते मोठ्या आतड्याची वाट बघत नाही. लहान आतड्यातच त्यातलं रिसिनोलेइक आम्ल सुटतं आणि दोन ते सहा तासांत पळापळ सुरू. म्हणून आजी ते सकाळी द्यायची. रात्री घेतलंत तर झोपेचं खोबरं. त्याच आम्लाने गर्भाशयही आकुंचन पावतं, तेव्हा गरोदर बाईने एरंडेलाच्या वाटेला जाऊ नये, घरातली मोठी माणसं काहीही म्हणोत. आता दुकानात एरंडेलाची बाटली लोक केसांना लावायलाच जास्त नेतात, आणि ते बरंच आहे.

यापुढची गोष्ट मी रोज समजावते आणि रोज कुणाला तरी पटत नाही.

गोळी घेतली, सकाळी पोट मोकळं झालं, अंग हलकं वाटलं. दुसऱ्या दिवशी काहीच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. माणूस घाबरतो: "बघा, आता गोळीशिवाय होतच नाही!" आणि पुन्हा गोळी घेतो. अहो, गोळीने दोन-तीन दिवसांचा साठा एका सकाळी बाहेर काढला. आता आतडं पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागणारच. डबा रिकामा असताना तो हलवून काय बाहेर पडणार? या मधल्या रिकाम्या दिवसांना लोक बद्धकोष्ठ समजतात आणि निम्म्यांची 'सवय' इथूनच सुरू होते. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही निरोगी माणसात चालतं. रोज सकाळी झालंच पाहिजे, हा आपल्या आयांनी लावलेला नियम आहे, शरीराने नव्हे. बघायचं ते मळ कडक आहे का, कुंथावं लागतं का.

"या गोळ्यांनी आतडं कायमचं आळशी होतं ना?" हा दुसरा नेहमीचा प्रश्न. जुन्या पुस्तकांत ही भीती होती. ठरलेल्या मात्रेत घेतलेल्या या औषधांनी माणसाच्या आतड्याच्या नसा मरतात, असा पुरावा मात्र मिळालेला नाही. २०२३ साली अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या दोन मोठ्या संघटनांनी एकत्र मार्गदर्शन छापलं. त्यात बिसाकोडिल आणि पिकोसल्फेट जुनाट बद्धकोष्ठात थोड्या काळासाठी, म्हणजे रोज घेतलं तर चार आठवड्यांपर्यंत, किंवा अडलं तर तेवढ्यापुरतं वापरायला स्पष्ट शिफारस आहे. वर्षानुवर्षं सोनामुखी घेणाऱ्यांच्या आतड्याचं अस्तर दुर्बिणीतून काळपट-तपकिरी दिसतं. रिपोर्टमध्ये मेलॅनोसिस हा शब्द वाचून एक गृहस्थ रडवेले होऊन आले होते. तो रंग निरुपद्रवी असतो आणि सोनामुखी बंद केल्यावर काही महिन्यांत फिका पडतो.

म्हणजे रोज खुशाल खावी का? नाही. रोज जुलाब झाले की पाण्याबरोबर पोटॅशियम जातं, पायात गोळे येतात, गळून जायला होतं. बीपीसाठी किंवा पायावरच्या सुजेसाठी लघवीची गोळी घेणारे, हृदयासाठी डिगॉक्सिन घेणारे, स्टिरॉइड घेणारे यांना हे महागात पडतं, कारण पोटॅशियम उतरलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आणि वजन उतरवायला या गोळ्या नेणाऱ्या कॉलेजच्या मुलींना मी सरळ नाही म्हणते. खाल्लेलं अन्न लहान आतड्यातच शोषून झालेलं असतं, ही औषधं त्याच्या पुढे काम करतात. काट्यावर कमी दिसतं ते पाणी असतं.

गोळी देण्याआधी मी आणखी एक गोष्ट बघते: बद्धकोष्ठ आलं कुठून? पिशवीत लोहाची गोळी, कॅल्शियम, कोडिनचं खोकल्याचं औषध, दुखण्यावर ट्रॅमाडॉल असेल तर उत्तर तिथेच असतं. नाही तर मग लोकल. कल्याण-डोंबिवलीहून येणाऱ्या बायका पहाटे उठून पाणी भरतात, डबे करतात, आणि चहानंतर लाट येते नेमकी तेव्हाच त्या रिक्षा शोधत असतात. दाबून ठेवली की लाट ओसरते. मळ आत तसाच राहतो, आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं, दुसऱ्या दिवशी तो खडा. ऑफिसातला संडास नको वाटतो म्हणून पाणीही कमी पितात. अशा बाईला मी गोळी एकदाच देते आणि सांगते की गजर दहा मिनिटं आधीचा लाव. ती हसते. दहा मिनिटं कुठून आणणार, हे मलाही कळतं.

आता जिथे ही औषधं 'थोडे दिवस' नव्हे तर नेमाने लागतात ते सांगते, कारण तिथे लोक नेमकी उलट चूक करतात.

आमचं दुकान परळच्या हॉस्पिटलांपासून जवळ. कर्करोगाच्या रुग्णांचे नातेवाईक येतात, कुणी विदर्भातून, कुणी बिहारमधून, दादरच्या धर्मशाळेत नाही तर फुटपाथवर राहणारे. गेल्या वर्षी एक मुलगा आईची चिठ्ठी घेऊन आला. मॉर्फिनच्या गोळ्या त्याला हॉस्पिटलमधून मिळाल्या होत्या, चिठ्ठीवर खाली बिसाकोडिल होतं. म्हणाला, "हे राहू द्या मावशी. आईला आधीच अशक्तपणा, वर जुलाबाची गोळी कशाला?" पैसे वाचवत होता हेही दिसत होतं. मी त्याला स्टुलावर बसवलं. मॉर्फिन दुखणं थांबवतं तसं आतड्याची लाटही थांबवतं. मॉर्फिनची गुंगी, मळमळ काही दिवसांत सवयीने कमी होते. बद्धकोष्ठाची सवय होत नाही, मॉर्फिन चालू तोवर ते चालू. म्हणून ढकलणारं औषध मॉर्फिनबरोबर पहिल्या दिवसापासून द्यायचं, अडल्यावर नव्हे. इथे इसबगोल नको. आतडं हलतच नसेल तर फुगवलेला इसबगोल आत अडकून बसतो. त्याने गोळ्या नेल्या. नंतर दोनदा येऊन पुन्हा नेल्या, तिसऱ्यांदा आला नाही.

दुसरी जागा सपोझिटरीची, म्हणजे गुदद्वारातून आत ठेवायच्या औषधी वडीची. लोकलमधून पडून पाठीच्या कण्याला मार बसलेला एक तरुण आमच्याच गल्लीत आहे. मेंदूकडून खाली निरोपच जात नाही, म्हणून कळ लागत नाही आणि ताबाही राहत नाही. त्याची आई ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी दहा मिलिग्रॅमची बिसाकोडिलची सपोझिटरी ठेवते. ही पंधरा मिनिटांपासून तासाभरात काम करते, म्हणून दिवस आखता येतो. ठेवायची रीत अशी. डाव्या कुशीवर झोपवायचं, वरचा गुडघा पोटाकडे घ्यायचा, सपोझिटरी पाण्यात ओली करायची (तेल, व्हॅसलीन नको), हातमोजा घालून बोटभर आत सरकवायची आणि ती मळात न रुतता आतड्याच्या भिंतीला टेकेल असं बघायचं. मळात खुपसली तर वाया गेली. मग पंधरा-वीस मिनिटं पडून राहू द्यायचं. मे महिन्यात मुंबईच्या उकाड्यात सपोझिटरी मेणासारखी नरम होते. कागद काढण्याआधी दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. मूळव्याध चिरलेली किंवा गुदद्वारापाशी जखम असेल तर ही नको, फार झोंबते.

तिसरी म्हणजे कोलोनोस्कोपी. आमच्या ह्यांची झाली तेव्हा मी सगळं स्वतः पाहिलं. मोठं आतडं आतून बघायचं तर ते धुतल्यासारखं स्वच्छ लागतं. आदल्या दिवशी बिसाकोडिलच्या गोळ्या, त्यावर पॉलिएथिलिन ग्लायकॉलचं खारट पाणी लिटरांनी. कुठे पिकोसल्फेट आणि मॅग्नेशियमची पुडी देतात. वेळ आणि प्रमाण हॉस्पिटलच्या कागदावर असेल तेच, त्यात आपली अक्कल चालवायची नाही. बऱ्याचदा निम्मं औषध आदल्या संध्याकाळी आणि निम्मं तपासणीच्या दिवशी पहाटे असतं. झोपेतून उठायला लागतं म्हणून पहाटेचं टाळणारे पुष्कळ, मग आतडं अर्धवट साफ होतं आणि सगळं पुन्हा करावं लागतं. शेवटी पिवळसर, आरपार दिसणारं पाणी बाहेर यायला हवं. लोहाची गोळी साधारण आठवडाभर आधी बंद करतात, आणि मधुमेहवाल्यांनी इन्सुलिनचं आधीच विचारून घ्यावं. ह्यांना मी त्या रात्रीसाठी माहीमला दिराच्या फ्लॅटवर पाठवलं. मजल्यावरच्या चार संडासांपैकी एक रात्रभर अडवून ठेवला असता तर शेजाऱ्यांशी वैर झालं असतं. जाऊबाईंनी बिचारीने नारळपाण्याचे चार शहाळे आणून ठेवले होते.

आता, गोळी कधी मागू नये ते. पोट फुगलंय, उलट्या होताहेत, वारासुद्धा सरत नाही: हे आतडं अडल्याचं लक्षण, त्याला मागून ढकलायचं नसतं, तडक हॉस्पिटल. पोटात उजवीकडे खाली दुखतंय, ताप आहे, म्हणून 'साफ करून बघू' असं कधीच नको. अपेंडिक्स सुजलेलं असेल तर फुटू शकतं. शौचातून रक्त, आपोआप उतरणारं वजन, पन्नाशीनंतर एकाएकी बदललेली सवय, या गोष्टी घेऊन आलेल्याला मी गोळी न देता चिठ्ठीवर 'डॉक्टर' एवढंच लिहून देते. तीस रुपयांचं गिऱ्हाईक जातं, जाऊ दे. अंगावर पाजणाऱ्या आणि गरोदर बायकांनीही आधी विचारायचं.

दरवर्षी गणपतीच्या आठवड्यात मात्र या गोळ्यांचा खप दुप्पट होतो. लालबागमध्ये रांगा लागतात त्या वेगळ्या, मी म्हणते ती गावाला निघालेल्या कोकणवाल्यांची गर्दी. बारा-चौदा तासांचा प्रवास, रस्त्यात पाणी प्यायचं नाही कारण गाडी थांबत नाही, गावी पोचल्यावर मोदक, वडे-उसळ आणि घरात पंचवीस माणसांत एक संडास. चौथ्या दिवशी फोन येतो, "वहिनी, काय करू?" म्हणून निघण्याआधीच सांगते. प्रवासाच्या रात्री गोळी घ्यायची नाही. पोचल्यावर दोन दिवस वाट बघा, भाकरी, पालेभाजी, भरपूर गरम पाणी. तरी नाहीच झालं तर तिसऱ्या रात्री आरतीनंतर साडेनऊला पाच मिलिग्रॅमची एकच गोळी, पाण्याबरोबर. खिरीबरोबर नाही, खिरीत दूध असतं. आणि उशाशी टॉर्च आणि छत्री ठेवा, गावी संडास मागच्या अंगणात असतो आणि भाद्रपदात पहाटे तिथे गुडघाभर चिखल.